पेशंटनंतर ठोंब्या

१

आमच्या खात्यातला सर्वांत गुणी पेशंट म्हणजे ठोंब्या. अंगावर दागिना नाही, खिशात किल्ली नाही, बंद जागेत घुसमटत नाही, आणि "अजून किती वेळ लागेल हो?" हा प्रश्न त्याने जन्मात विचारलेला नाही. ठेवला तिथे पडून राहतो. माणूस नाही म्हणून त्याला हे जमतं. ठोंब्या म्हणजे कलिंगडाएवढा पांढऱ्या प्लास्टिकचा बंद डबा, आत काठोकाठ घट्ट जेली. नाव मीच ठेवलं.

त्याचं काम समजायचं तर आधी आमचं समजायला हवं. हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या ज्या बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यांतून रक्त किती वाहतं ते आम्ही एमआरआयमध्ये मोजतो. हृदयापर्यंत नळी घालायची नाही, कापाकापी नाही, नुसतं चुंबक. हृदयाची गंमत अशी, की ते सगळ्या अंगाला रक्त ढकलत असतं तेव्हा स्वतः जवळजवळ उपाशी असतं. दोन ठोक्यांच्या मध्ये जरा सैलावलं की त्याला स्वतःचा घास मिळतो. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर ओट्याशी उभ्याने जेवणारी बाई असते ना, तसं. आमच्या पडद्यावर जे स्थिर ते राखाडी दिसतं आणि वाहणारं रक्त पांढरं. राखाडीत एक पांढरा ठिपका उजळतो, विझतो, परत उजळतो. तो किती उजळला त्यावरून आम्ही वेग काढतो.

पण यंत्र थोडं थापाडं आहे. जागच्या जागी असलेल्या गोष्टीलाही ते कधी कधी 'हलली' म्हणतं. म्हणून पेशंट उठून गेला की त्याच जागी ठोंब्याला ठेवायचं आणि तीच तपासणी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा करायची. ठोंब्या हलत नाही हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा त्याच्यात जे काही वाहताना दिसेल ती यंत्राची थाप. ती पेशंटच्या आकड्यातून वजा केली की उरतं ते खरं.

यंत्राला मात्र माणूस आणि ठोंब्या यांतला फरक कळत नाही. त्याला नाडी हवी, म्हणून आम्ही एका पेटीतून खोटी नाडी देतो. त्याला श्वासाची रेघ हवी, म्हणून पेशंटच्या पोटावर बांधतो तोच पट्टा ठोंब्यालाही बांधतो, नाहीतर ते रुसून बसतं. श्वासाच्या सूचना आपोआप वाजतात. आवाज माझा आहे. खातं सुरू झालं तेव्हा माझाच भरून घेतला होता. "श्वास घ्या. सोडा. परत घ्या. आता धरून ठेवा." मग यंत्राचा खडखडाट. आणि तो थांबला की, "सोडा आता. नेहमीसारखा श्वास घ्या."

ठोंब्याच्या वेळी हे शेवटचं वाक्य आम्ही वाजू देत नाही. चित्र मिळालं की बटण दाबून आवाज तोडायचा आणि पुढची फेरी लावायची. जेलीला कशाला सांगायचं, सोड म्हणून? असं करत करत दुपारचा चहा गरम मिळतो.

त्या दिवशी मी काचेअलीकडच्या खोलीत पडद्यासमोर बसून संत्रं सोलत होते. काचेपलीकडे यंत्रात ठोंब्या. माझा आवाज म्हणाला, "परत घ्या. आता धरून ठेवा." आणि पडद्याच्या तळाशी ठोंब्याची श्वासाची रेघ, जी पाटासारखी सपाट असायला हवी, ती हळूच वर गेली आणि वरच थांबली.

२

मी जात्याच संशयी आहे. कुलूप लावल्यावर ओढून बघते, चार पावलं जाते, आणि परत येऊन पुन्हा ओढते. माझी धाकटी बहीण म्हणते, "ताई, लोकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. तुझ्या मनात ती सहकुटुंब राहते." यंत्र गार ठेवणारा पंपही कायम चुक-चुक करत असतो, तेव्हा नोकरीही मला स्वभावाला साजेशी मिळाली असं ती म्हणते.

तर रेघ वर गेलेली पाहून मी घाबरले वगैरे नाही. मला राग आला. कुणीतरी मला वेड्यात काढतंय असंच आधी वाटलं.

पहिला संशय गणित्यावर. गणित्या म्हणजे आमच्या खात्यातला भौतिकशास्त्रज्ञ. ही तपासणी त्यानेच बसवली. हुशार आहे, पण हसतो तेव्हा कशाला हसला ते कळत नाही. तोंडावर मी त्याला सर म्हणते.

"सर, ठोंब्या श्वास घेतोय," मी म्हणाले.

त्याने मान वर केली नाही. "पट्टा जुना झालाय, ताई. आतली हवा गळत असेल. बदलून टाका."

"गळली तर रेघ खाली जाईल ना? ही वर गेली."

"मग टेबल हललं असेल."

टेबल हललं असेल! मी पट्टा बदलला. टेबलाचे चारही कोपरे हाताने दाबून पाहिले. खोलीतली हवेची जाळी पुठ्ठ्याने झाकली. ठोंब्याला उचलून कानाशी हलवून पाहिला, तेव्हा सफाईवाल्या मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला तसं करताना पाहिलं हे मला आवडलं नाही.

मग मी एक साधी गोष्ट केली. आवाज बंद ठेवून तपासणी लावली. रेघ सपाट. आवाज चालू केला. "श्वास घ्या," माझा आवाज म्हणाला. रेघ वर. "सोडा." रेघ खाली. "परत घ्या. आता धरून ठेवा." वर गेली, थांबली. खडखडाट झाला, संपला. सवयीने माझं बोट बटणावर गेलं आणि आवाज तुटला. रेघ वरच राहिली. मी बघत बसले. माणसाला इतका वेळ श्वास धरवत नाही. रेघ जराही थरथरली नाही.

खडखडाटानेच पट्टा हलत असेल, असं मी स्वतःला पटवलं. पण मग आवाज बंद असताना खडखडाट होताच की. हे मला जिना उतरताना सुचलं आणि मी तिथेच कठडा धरून उभी राहिले. वर परत जाऊन पाहावंसं वाटलं नाही.

३

त्याच सुमाराला ट्रम्पेटवाले दुसऱ्या फेरीला आले. काही पेशंटना आम्ही औषध सुरू करून परत बोलावतो, त्यांतले ते एक. पन्नाशी उलटलेले, गोल गालांचे, सभा-समारंभात ट्रम्पेट वाजवणारे. पहिल्या वेळी त्यांनी इतका सुरेख श्वास धरला होता की मी त्यांना शाबासकी दिली होती.

या वेळी मी त्यांच्या छातीवर तारा चिकटवत होते तेव्हा ते म्हणाले, "ताई, एक विचारू? हसू नका."

"विचारा की."

"तुमच्या यंत्रातून बाहेर आल्यापासून माझा एक श्वास कमी पडतोय."

"म्हणजे धाप लागते?"

"धाप नव्हे हो. मी तीस वर्षं फुंकतोय, मला श्वासाचा हिशोब चोख कळतो. स्वर संपवताना शेवटचा जो थोडासा राखून ठेवलेला असतो ना, तो तिथे नसतो. हात घालावा आणि खिसा रिकामा निघावा, तसं." मग ते स्वतःच हसले. "वय झालं, दुसरं काय."

मीही हसले. वय सगळ्यांचंच होतं. मलाही गेली काही वर्षं छातीभर श्वास घेतला तरी तो पुरता सुटला असं वाटत नाही. सारख्या जांभया येतात. मी ते वजनावर आणि जिन्यांवर ढकललेलं आहे.

त्यांच्या डाव्या रक्तवाहिनीतला आकडा मागच्यापेक्षा कमी आला. औषधाने वाढायला हवा होता. हृदयाच्या डॉक्टर मॅडम कपाळाला आठ्या घालून बराच वेळ पडदा बघत होत्या. मी गणित्याकडे बघत होते. तो भिंतीकडे बघत होता, जिथे चौकटीत एक चित्र लावलेलं आहे.

ते चित्र माझं आहे. तपासणी बसवताना पहिलं माणूस म्हणून मीच आत झोपले होते, आणि माझ्यामागून ठोंब्याचा पहिला नंबर लागला होता. माझी डावी रक्तवाहिनी निघतानाच गळासारखी वळते. दुखणं नाही, घडणच तशी. शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला गणित्याने ते चित्र मोठं करून लावलं. लोक भिंतीवर स्वतःचा फोटो लावतात, माझी तिथे रक्तवाहिनी आहे.

४

आता बहिणीचं सांगते, कारण हे सगळं तिच्याशी येऊन ठेपलं.

तिला घरात टकळी म्हणतात. दीड वर्षाची असल्यापासून तोंड बंद नाही म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. तिने त्याचंच पोट भरायचं साधन केलं. ती संग्रहालयात लोकांना वस्तू दाखवते, दिवसभर चालते आणि दिवसभर बोलते. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी. ती जन्मली त्या दिवसापासून मी ताई झाले. आधी काहीतरी लाडाचं नाव होतं म्हणे, पण बाळाच्या तोंडी 'ताई' बसावं म्हणून आई-बाबांनीसुद्धा मला ताईच म्हणायला सुरुवात केली, आणि ते कायमचंच झालं. खात्यातही सगळ्यांची मी ताईच. हे काही नाव नव्हे, ही नेमणूक आहे.

तर टकळीच्या छातीत दुखायचं. संग्रहालयाचा मोठा जिना चढला की दुखायचं. नळी घालून तपासलं तेव्हा मोठ्या रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या, आणि तिथून सगळ्यांनी एकच सूर धरला. मनाचं आहे. ताण घेऊ नका. तिच्या नवऱ्याने तर चार लोकांत सांगितलं, "हिला लक्ष वेधून घ्यायची सवयच आहे." ती त्यावर हसली. पण त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, तू सगळ्या जगावर संशय घेतेस. माझ्या दुखण्यावर तरी घेऊ नकोस."

मोठ्या रक्तवाहिन्या स्वच्छ असूनही रक्त पुरेसं वाहत नसेल, तर ते दाखवून देणारी तपासणी आमच्याच खात्यात होते. औषध देऊन रक्ताचा ओघ वाढवायचा आणि तो खरोखर वाढला का ते मोजायचं. मॅडमनी तिच्यासाठी एक सकाळ मोकळी काढली. नाही म्हटलं असतं तर पुन्हा कित्येक महिने रांगेत. मला रेघ आठवत होती, ट्रम्पेटवाले आठवत होते. पण जेलीच्या डब्याला भिऊन सख्ख्या बहिणीची तपासणी टाळायची? कुणाला सांगणार होते मी हे?

मी मनाशी ठरवलं, की तिच्यानंतर ठोंब्याला लावायचंच नाही. थोडी थाप राहिली आकड्यात तर राहू दे.

ती गाऊन घालून आली आणि यंत्राकडे पाहून म्हणाली, "अगं बाई, हे तर अजस्र मेदूवड्यासारखं दिसतंय की नाही? मध्ये भोक!" मी तिला झोपवली, तारा लावल्या, पट्टा बांधला, कानांवर हेडफोन चढवले, काही झालं तर दाबायचा धोक्याचा फुगा हातात दिला. बाहेर आले. आवाज सुरू झाला. "श्वास घ्या."

माइकमधून खिदळणं ऐकू आलं. "ताई! मला अहो-जाहो करतेस होय गं मशीनमधून?"

"हलू नकोस, टकळे! पहिल्यापासून करावं लागेल."

"बरं बरं. घ्या, सोडा. सांगा, बाईसाहेब."

मग मात्र ती शहाण्यासारखी पडून राहिली. प्रत्येक वेळी श्वास सोडताना शेवटी ती हलकं "हुं" करायची, ओझं खाली ठेवल्यासारखं. लहानपणापासूनची सवय आहे तिची. पडद्यावर तिचा पांढरा ठिपका उजळत होता, विझत होता. औषध दिल्यावर तो लखलखायला हवा होता. जेमतेम उजळला.

मॅडम माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, तुमची बहीण खोटं बोलत नव्हती. हे दुखणं खरं आहे, आणि याला औषध आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी तिला उठवायला आत पळाले. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराआडून मी तिला ही बातमी सांगितली. ती एका बाहीत हात घालून तशीच बाहेर आली आणि माझ्या गळ्यात पडली. "लिहून दे म्हणावं! मोठ्या अक्षरांत! घरात फ्रिजवर लावते!"

तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला. भिंतीपलीकडून, स्वच्छ, शांत.

"परत घ्या. आता धरून ठेवा."

५

मी धावत गेले तेव्हा गणित्या माझ्या खुर्चीत बसला होता आणि त्याचं बोट नुकतंच बटणावरून उचललं गेलं होतं. शेवटचं वाक्य वाजलं नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं ठोंब्याला लावायला?"

"म्हटलं तुम्ही बहिणीजवळ आहात, तर उरकून टाकावं." तो गोंधळलेला दिसला. निदान तसं दाखवत तरी होता. "ठोंब्याशिवाय आकडा धरत नाहीत, ताई. तुम्हीच सगळ्यांना बजावत असता."

मी पडद्याकडे पाहिलं. ठोंब्याचं चित्र म्हणजे एकसारखी राखाडी चकती असते. या चकतीत, डावीकडे जरा वर, एक पांढरा ठिपका होता. खोटी नाडी एका संथ ठेक्यात चाललेली, आणि ठिपका तिला न जुमानता आपल्या लयीत उजळत होता, विझत होता. जागा माझ्या चांगली ओळखीची होती. थोड्याच वेळापूर्वी मी तिथेच डोळा लावून बसले होते.

"जुनं चित्र राहिलंय पडद्यावर," गणित्या म्हणाला.

"मग पुसा."

त्याने पुसलं, परत घेतलं. धरून ठेवा, खडखडाट, बटण. ठिपका तिथेच. तळाशी रेघ वर जाऊन थांबलेली. गणित्याने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत घातला, आणि तेव्हा कुठे मला कळलं की हा माणूस मला फसवत नव्हता. मला ते कळायला नको होतं. तो फसवत असता तर बरं झालं असतं.

"वजा करू नका," मी म्हणाले. "सर, ऐका माझं. तिच्या आकड्यातून हे वजा करू नका."

"यंत्र आपोआप करतं, ताई. झालंय ते."

तिचा आकडा निम्म्यावर आला होता.

मी बाहेर प्रतीक्षा खोलीत गेले. टकळी खुर्चीत बसून शेजारच्या म्हातारीला संग्रहालयातल्या हत्तीच्या सांगाड्याबद्दल सांगत होती. "आणि त्याचा तो पुढचा पाय आहे ना, तो खरं तर…" ती थांबली. तोंड उघडंच होतं. परत सुरू केलं. "तो पाय दुसऱ्याच…" परत थांबली. म्हातारी वाट बघत होती.

माझ्या आयुष्यात मी टकळीचं वाक्य अर्धवट राहिलेलं ऐकलं नव्हतं.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही. श्वास…" तिने छातीवर हात ठेवला. दुखत असेल असा चेहरा नव्हता. काहीतरी हरवलंय आणि कुठे ठेवलं ते आठवत नाही, तसा होता. "शेवटचा सोडायचा राहिला असं…"

ओठांचा रंग उतरलेला होता. मॅडमनी येऊन नाडी पाहिली, ईसीजीची पट्टी काढली, सगळं जागच्या जागी. "औषधाचा परिणाम असेल, बसा जरा," त्या म्हणाल्या, पण त्यांनी दारातल्या नर्सला बेड तयार ठेवायला सांगितलं, ते मी ऐकलं. टकळी माझा हात सोडेना. तिने काही विनोदही केला नाही.

६

मी तिच्या हातातून हात सोडवला, गणित्याला मॅडमकडे पाठवलं आणि काचेसमोर एकटी बसले. बाहेर भरदिवसाचं ऊन होतं, पॅसेजमध्ये कुणाची तरी व्हीलचेअर करकरत होती. आत ठोंब्या, पट्ट्यासकट. रेघ वर. पंप चुकचुकत होता.

मी ते वाक्य वाजवलं. ठोंब्याला कधीच न ऐकवलेलं. "सोडा आता. नेहमीसारखा श्वास घ्या."

रेघ हलली नाही.

परत वाजवलं. परत. मग आत गेले, पट्टा नीट बसलाय का पाहिलं. डबा कोमट होता. यंत्रात राहिल्यावर कोमट होतोच, मी मोठ्याने म्हणाले. माझ्या बोलण्याने रेघ हलेल की काय असं वाटून मी तिथे आणखी काही बोलले नाही. बाहेर येऊन दार ओढलं आणि सवयीने परत ओढून पाहिलं.

खोलीतला माइक चालू होता. त्यातून पंप ऐकू येत होता आणि पंपाखाली एक शांतता. दाराआड लपलेलं मूल असतं ना, जिकडून मुद्दाम काहीच आवाज येत नाही, तसली.

तो भरून ठेवलेला आवाज कुणाचाच नसतो. टकळीला मी जन्मात कधी 'सोडा आता' म्हटलेलं नाही. हे मी विचार करून केलं असं म्हणणार नाही. मला फक्त तिची भयंकर काळजी वाटत होती. मी माइकचं बटण दाबलं आणि लहानपणी अंगणातून मारायची तशी हाक मारली.

"टकळेऽऽ! सोड आता. पुरे झालं."

रेघ खाली आली. माणसाची येते तशी, हळूहळू. माइकमधून एक लांब उच्छ्वास आला आणि त्याच्या शेवटी, हलकंसं, "हुं."

भिंतीपलीकडून माझ्या बहिणीचा आवाज चढला. "…दुसऱ्याच हत्तीचा आहे! म्हणजे हा उभा आहे तो दोन हत्तींवर, आणि कुणाला पत्ता नाही, आहे की नाही गंमत?" म्हातारी हसली. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून रडले, आणि रडताना मला जांभई आली. ती पुरी झाली नाही.

इथेच थांबायला हवं होतं. पण कुलूप परत ओढून पाहणारी बाई मी. ठिपका खरंच गेला का, म्हणून मी ठोंब्याची एक तपासणी आणखी लावली.

ठिपका गेला होता. पडद्यावरचं सर्वांत उजळ काही निघून गेलं की आमचं यंत्र उरलेलं सगळं आपणहून उजळ करून दाखवतं. खोलीतला मोठा दिवा मालवल्यावर डोळे सरावतात, तशी चकती सरावली. आणि त्या राखाडीत एकेक करत दुसरे दिसायला लागले. फिके. इतके, की मी मोजायला घेतले आणि सोडून दिले. प्रत्येकाची लय निराळी. दोन ठोक्यांच्या मध्ये उजळायचे, विझायचे. रेघ खाली आली होती ती टकळीपुरती. पुरती सपाट झालेलीच नव्हती.

ट्रम्पेटवाल्यांचं करता येईल. त्यांच्या बायकोला विचारलं तर घरात त्यांना काय म्हणतात ते ती सांगेल, वर आमच्या माइकवर हाकही मारेल. बाकीच्यांचीही माणसं असतील. असं मनाशी म्हणत मी पडद्यावरून नजर फिरवत होते आणि ती मधोमध येऊन थांबली. तिथे सर्वांत फिका ठिपका होता. ठिपका म्हणायचा इतकंच, कारण तो गोल नव्हता. गळासारखा वळलेला होता.

मी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं नाही. गरज नव्हती.

माइकमध्ये मी माझं कागदावरचं नाव घेतलं. रेघ तशीच. आपणच आपल्याला हाक मारून ओ कशी यायची? मी बाहेर गेले आणि टकळीला हाताला धरून आत आणलं. गाल परत लाल झाले होते, आणि फ्रिजवर काय लिहून लावायचं ते तिने मला तीनदा सांगितलं.

"इथे तोंड धर. मला हाक मार. आणि म्हण, सोड आता."

"हे काय नवीन? बरं. ताईऽऽ! सोड आता!" तिने काचेपलीकडे बघून हात हलवला. "कुणाला सांगतेय मी?"

मी रेघ बघत होते. रेघ हलली नाही. ताई तर सगळ्यांचीच असते.

"टकळे," मी म्हणाले, "तू व्हायच्या आधी मला घरात काय म्हणायचे गं? आईच्या तोंडून कधी ऐकलं होतंस?"

ती हसायलाच लागली. "मी व्हायच्या आधीचं मला विचारतेस? आई-बाबा असते तर सांगितलं असतं त्यांनी. कमाल करतेस ताई, ते तुलाच आठवायला हवं. आता आणखी कोण आहे सांगायला?"